अर्धी हिरवळ फुकट

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या गुणी भाच्याचा (हे विशेषण तूच एकदा, मी तुझं लोखंडी कपाट जिन्यातून वर चढवत असताना वापरलं होतंस) वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? डाव्याची जास्त चौकशी केली आहे असं समज, उजवा पहिल्यापासूनच समजूतदार. खालच्या मजल्यावरच्या बाई अजून टीव्ही मोठ्याने लावतात का? लावत असतील तर लावू देत, त्यांना कमी ऐकू येतं. आणि लावत नसतील तर एकदा खाली जाऊन बघून ये.

फोन न करता पत्र लिहितोय याचं कारण असं, की फोनवर तू मधेच बोलतेस आणि मी मुद्दा सोडून भलतंच काहीतरी कबूल करून बसतो. मागच्या वेळी तुझ्या खिडक्या रंगवून देण्याचं कबूल केलं होतं, ते असंच. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, हा पत्राचा फार मोठा गुण आहे.

तर बातमी अशी, की मला लग्न करायचं आहे. (खुर्चीत बस. पाणी पी.) मुलगी कुलपांचं दुकान चालवते. किल्ल्या बनवते, अडलेली दारं उघडते, सगळा बाजार तिला कुलूपवाली म्हणूनच ओळखतो. ओळख झाली ती अशी. गवत कापायचं मशीन ज्या टेम्पोतून नेतो, त्याची किल्ली आतच ठेवून मी बाहेरून दार लावून घेतलं. ती आली, वाकून बघितलं, एक तार आत सारली आणि मी 'बापरे' म्हणेपर्यंत दार उघडून तिने आपला दर सांगितला. मी सवयीने विचारलं, काही कमी होईल का? ती म्हणाली, नाही. मावशी, एवढंच. चेहऱ्यावर राग नाही, हसू नाही, नुसतं धुतलेल्या ताटासारखं स्वच्छ 'नाही'. मला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आईसुद्धा 'बघू' म्हणायची. मी घरी आलो ते जेवणावरून लक्ष उडालेल्या अवस्थेत, आणि पुढच्या आठवड्यात किल्ली पुन्हा आत ठेवली. तिसऱ्या वेळी तिने जादा किल्ली बनवून माझ्या गळ्यात दोरीने अडकवली. तिचेही पूर्ण पैसे घेतले.

तिची मला ना नाही. अट मात्र एक आहे, आणि त्या अटीपायीच मी आज उद्ध्वस्त माणूस आहे. सांगितला दर निमूटपणे पूर्ण देणारं एक गिऱ्हाईक आण, मग लग्न. एक! तिचं म्हणणं, तू आल्यागेल्या प्रत्येकापुढे असाच वाकत राहिलास तर मी काय जन्मभर तुझा कणा हातात घेऊन मागून फिरायचं? मुदत गवताची. थंडी पडली की गवत वाढायचं थांबतं, माझा धंदाही थांबतो. तोवर गिऱ्हाईक मिळालं नाही तर ती इथलं दुकान उचलून दुसऱ्या शहरात भावाकडे जाणार. तिथे म्हणे नव्या इमारती होताहेत आणि लोक रोज स्वतःला बाहेर कोंडून घेताहेत.

तू म्हणशील, यात अवघड काय? अवघड माझं तोंड आहे. शिंक जशी येते तशी माझ्या तोंडून सवलत बाहेर पडते. समोरच्याने भुवई वर केली की दहा टक्के कमी. खोकला तर वीस. एकदा एका सद्गृहस्थांच्या डोळ्यात कचरा गेला होता, त्यांचं लॉन मी निम्म्यात कापून दिलं.

म्हणून मी ठरवलं, की आता तोंडाने काही बोलायचंच नाही, जाहिरातच बोलेल. रात्रंदिवस डोकं खाजवून एक कल्पना काढली आणि खरं सांगतो, ती सुचली तेव्हा मी स्वतःशीच हात मिळवला. पत्रकं छापली : 'नव्या गिऱ्हाइकास अर्धी हिरवळ फुकट!' यातली गोम लक्षात आली का? अर्धी दाढी झालेला माणूस न्हाव्याच्या खुर्चीतून उठून घरी जाईल का? अर्धं लॉन गुळगुळीत आणि अर्धं गुडघाभर, हे कुणाला बघवेल? उरलेल्या अर्ध्यासाठी लोक धावत येतील आणि मी म्हणेन तो दर देतील, असा माझा हिशेब होता.

पहिल्याच गल्लीत निवृत्त न्यायाधीश राहतात. त्यांची अर्धी हिरवळ मी फुकट कापली आणि उरलेल्या अर्धीचा दर सांगायला घसा साफ करतोय, तोच त्यांच्या पत्नी बाहेर आल्या. त्यांनी पत्रक मागून घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, यांचं झालं, आता माझं. मी नवं गिऱ्हाईक आहे. मी न्यायाधीशांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून थोडा वेळ विचार केला आणि निकाल बायकोच्या बाजूने दिला. (नंतर कळलं, की त्या घरात गेली कित्येक वर्षं दुसऱ्या बाजूने निकाल लागलेला नाही.) आता उरलेल्या अर्ध्याचं अर्धं बाईंना फुकट. मग राहिलेल्यातलं अर्धं त्यांच्या सासूबाईंना, मग त्यातलं अर्धं वरच्या भाडेकरूला, असं करत करत शेवटी मधोमध रुमालाएवढा एक तुकडा उरला. त्याचे पैसे मागितले तर न्यायाधीश म्हणाले, रुमालाचे कसले पैसे मागता? मला ते पटलं. दुःख आहे ते याचं.

ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दातांच्या डॉक्टरांकडे नवी गिऱ्हाइकं रांगेत उभी होती. त्यात त्यांचे दोन पेशंट होते, एकाच्या तोंडात अजून कापूस होता. मी संध्याकाळपर्यंत लॉनचे अर्धे, पाव, अर्धपाव करत बसलो. कुलूपवाली दुकान बंद करून परत जाताना कुंपणापाशी थांबली, ते सगळे रुमाल एकेक करून मोजले आणि निघून गेली. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मग मी दुसरं पत्रक काढलं. यात अर्धंबिर्धं काही नाही, अगदी ठणठणीत : 'एक हिरवळ, एक दर. लहान असो वा मोठी.' लहान लॉनवाले मोठ्यांचा दर देतील आणि मी खुशाल राहीन, असं वाटलं. मशीन घेऊन मी गल्लीत शिरलो तर गल्ली ओळखू येईना. सगळ्यांनी मिळून मधली कुंपणं काढून टाकली होती! झुडपं उपटली, फाटकं उचलून ठेवली, डॉक्टरांनी तर विटांची छोटी भिंत फोडली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सलग हिरवळ, आणि मधोमध न्यायाधीश खुर्ची टाकून बसलेले. म्हणाले, ही एक हिरवळ. कापा.

मावशी, मी दिवसभर कापत होतो. मशीन तापलं, मी तापलो. मधल्या काळात त्या लोकांचं जे काय झालं ते सांगायलाच हवं. खुणेचं एकही कुंपण न राहिल्यामुळे कुणाला आपलं घर सापडेना. न्यायाधीश डॉक्टरांकडे नाश्ता करून आले आणि बायकोला म्हणाले, आज चहा चांगला झाला होता. डॉक्टर दुपारी भलत्याच घरात जाऊन झोपले, उठल्यावर त्या घरच्या आजींचा दात बघून दिला. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं खुर्च्या जवळ ओढून गप्पा मारायला लागली. सगळे इतके खुशीत होते, की संध्याकाळी दराची वेळ आली तेव्हा माझाही ऊर भरून आला. त्या अख्ख्या गल्लीच्या बदल्यात एका लॉनचे पैसे न्यायाधीशांनी पुढे केले. पूर्ण! एक पैसा कमी नाही! हेच ते गिऱ्हाईक, असं मनात आलं. पलीकडे कुलूपवाली उभीच होती, ती एक पाऊल पुढेसुद्धा आली. आणि माझं तोंड उघडलं. म्हणालो, राहू द्या, पहिल्यांदाच पैसे देताय, दहा टक्के कमी द्या.

ती पुढे आलेलं ते एक पाऊल मागे गेली आणि वळली. मी त्या रात्री जेवलो नाही. (दूध घेतलं.)

तिसरी आणि शेवटची जाहिरात, गवत पुन्हा वाढल्यावर, मी त्या भल्यामोठ्या हिरवळीवरच केली. आपला फोन नंबर गवतातच कापायचा. अंक बारीक कापलेले, भोवतीचं गवत उंच. पलीकडच्या उंच इमारतींच्या गॅलऱ्यांतून सगळ्या वस्तीला दिसणार, कागद नको, छपाई नको. नंबर झकास उठला. मी फोन जवळ घेऊन बसलो. एक दिवस गेला, दोन गेले, फोन मुका. शेवटी त्यातल्या एका इमारतीच्या गच्चीवर चढून बघितलं तर तोंडचं पाणीच पळालं. न्यायाधीशांच्या बाजूला पाणी जास्त घालतात. तिकडचं गवत भराभर वाढलं होतं आणि माझ्या नंबरातल्या इंग्रजी आठाची डावी बाजू भरून जाऊन त्याचा तीन झाला होता.

तो नंबर बाजारातल्या शिंप्याचा निघाला. त्याला धडाधड फोन गेले. दुसरा कुणी असता तर राँग नंबर म्हणून ठेवून दिला असता. शिंप्याने कुणालाच नाही म्हटलं नाही. गळ्यात टेप अडकवून तो घरोघरी गेला, लॉनची लांबी-रुंदी घेतली, कडेला खडूने खुणा केल्या, चढा दर सांगितला आणि वर म्हणाला, बुधवारी तयार होईल. लोकांनी मुकाट्याने मान डोलावली. बुधवारी लोक विचारायला गेले तर म्हणाला, नुसतं काजं-बटण राहिलंय, शुक्रवारी या. आणि लोक शुक्रवारी गेले! पैसे पूर्ण देतात, मावशी, शिवाय आगाऊ. शिंप्याकडे मशीन नाही, म्हणून कापायला तो मलाच बोलावतो. म्हणजे गिऱ्हाईक माझं, गवत मी कापतो, नंबरही जवळजवळ माझाच, आणि पूर्ण पैसे घेतो शिंपी. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, मग शिंपी हेच माझं गिऱ्हाईक धरू. त्याच्याकडून एकदा पूर्ण दर घेतला की झालं. गेलो, पाठ ताठ केली. त्याने टेपवरून नुसती मान वर केली आणि मी म्हणालो, तुम्ही घाऊक काम देता, तुम्हाला पंचवीस टक्के कमी.

बाकी सर्व ठीक. तब्येत उत्तम आहे, वजन थोडं उतरलंय. तू काळजी करू नकोस, मी खंबीर आहे. दुकान आवरायला तिने खोकी आणलीत, ती मी काल टेम्पोतून पोचवून दिली. भाडं घेतलं नाही. ती म्हणाली, बघ, हेच. मला रडू आलं आणि मी ते तिच्यासमोरच रडलो. तिने खिशातून रुमाल काढून दिला आणि तो परत मागितला नाही.

तुझा,
गुणी

ता. क. : मुद्दा राहिला. तूच माझं गिऱ्हाईक हो. तुझ्याकडे लॉन नाही हे मला ठाऊक आहे, पण गॅलरीत ती एक कोरफडीची कुंडी आहे आणि तिच्या कडेला गवत उगवतं. ते मी स्वतः येऊन कात्रीने कापीन. तू पूर्ण दराची मनीऑर्डर पाठव, म्हणजे पावती दाखवता येईल. नातेवाईक चालणार नाहीत असं ती म्हणालेली नाही. (मी विचारलेलं नाही.) तू आजवर कशाचीही सांगितलेली किंमत दिलेली नाहीस, याची मला पूर्ण कल्पना आहे. डॉक्टरांनी दहा दिवस विश्रांती सांगितली तेव्हा तू घासाघीस करून ती सहावर आणली होतीस, मी तिथे होतो. पण मावशी, एवढ्या एका वेळी गप्प बस आणि पैसे दे. माझा सगळा जीव त्यात आहे.

ता. क. २ : पूर्ण रक्कम तुला जड जाईल हे उमजून आता पुन्हा पेन घेतलं. तू मनीऑर्डर कर, सगळेच्या सगळे पैसे मी तुला गुपचूप परत करीन. कुलूपवालीला यातलं अक्षर कळता कामा नये. पत्र पोस्टात टाकायला तिच्याकडेच देतोय, पण पाकीट खळीने नीट चिकटवतोय.

मावशी, नमस्कार. पाकीट उघडलं, रागावू नका, माझा धंदाच तो आहे. तुम्ही पूर्ण पैसे पाठवा. एक पैसासुद्धा कमी पाठवू नका, नाहीतर माझा शब्द मला मोडावा लागेल आणि तो मी आजवर मोडलेला नाही. तुमचे सगळे पैसे माझ्या गल्ल्यातून मी तुम्हाला परत पाठवीन. हे त्याला कळू देऊ नका. आणि जरा घाई करा, इकडे सकाळी थंडी वाजायला लागली आहे.