करदोड्याची चावी

तलवाडा, मंगळवार, संध्याकाळ

रानडुक्कर अंगावर आलं, तर ते चावी सापडेपर्यंत थांबेल का? रायफलीला कुलूप लावा म्हटलं, तर आबांनी मला हे विचारलं.

त्यांच्या नव्या रायफलीच्या बोल्टमध्येच, म्हणजे गोळी आत सरकवणाऱ्या दांड्यातच, बारीक चावीचं कुलूप आहे. आबा ते कधी लावतच नाहीत. "सेफ्टीचा खटका हाय की! घरातली पहिली ग्रॅज्युएट झालीस म्हून बापाला बंदूक शिकविती का?"

पण आज दुपारी दादाच्या चार वर्षांच्या पिहूने तोच खटका खेळण्यासारखा पुढे-मागे केला. रायफल रिकामी होती. नसती तर?

आबांचंही खोटं नाही. धूळ गेली तर कुलूप अडकेल, घाईत चावी हरवेल. चावी हरवेल... मग हरवणारच नाही अशी जागा कोणती? आबा तर आंघोळीलाही करदोडा सोडत नाहीत!

"कमरंला चावी? मला काय तिजोरी समजलीस?" असं म्हणत हसले, पण सदरा वर धरला. उघडायला थोडा वेळ जाईलच, तो जाऊ दे. कुलूप लावलं, आणि चावी मीच त्यांच्या करदोड्याला घट्ट गाठ मारून बांधली.