लाजाळूला लागलेलं आडनाव

बाबा, तुमच्या लाडक्या विद्यार्थिनीचा मेल आलाय. ती हल्ली बोलिव्हियात असते. तिथल्या कोरड्या डोंगरांत तिला एक रानझुडूप सापडलंय, आपल्या लाजाळूच्याच प्रजातीतलं, पण आजवर कुणीच नोंद न केलेलं. नव्या जातीला नाव द्यायचा मान वर्णन करणाऱ्याचा, आणि तिला तुमचं नाव द्यायचंय, आपल्या आडनावाला लॅटिन शेपूट लावून. 'तुझी परवानगी असेल तरच,' असं लिहिलंय. परवानगी लागत नाही हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. तरी विचारलं, याचाच जास्त राग आला.

इथे आखातात, आमच्या घरात सगळे खूश. नवरा म्हणाला, "अगं, बाबा आता गुगलवर येणार! लगेच हो म्हण." मुलानं मोबाइलमधून मान वर न काढता विचारलं, "मॉम, इट्स जस्ट अ प्लांट. व्हाय आर यू मॅड?" नुसतं झाड! मुसाफ्फा या औद्योगिक वसाहतीतल्या नर्सरी कंपनीच्या ऑफिसात मी दिवसभर झाडांच्याच ऑर्डरी काढते, रस्त्याकडेला पेटुनिया, व्हिलांना खजूर. मॅनेजर "यल्ला, जल्दी, संडेला डिलिव्हरी पाहिजे, खलास" करत डोक्यावर बसलेला असतो. तुम्ही आज असतात आणि हे पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, हे झाडांचं काम नव्हे, फर्निचरचं.

तेव्हा तुमची ही विद्यार्थिनी रोज संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघरात यायची. आई एका बाजूला पोळ्या लाटतेय, टेबलावर रद्दीचे पेपर पसरलेत, आणि तुम्ही दोघं फांद्या दाबून वाळवायला ठेवताय. मी शाळेत होते. एकदा मीही टाकळ्याची एक फांदी लावली, पान न् पान सुलट, अगदी रांगोळीसारखी नेटकी. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "झाड सजवायचं नसतं, ओळखायचं असतं. एक तरी पान उलटं ठेव, पाठ दिसली पाहिजे." इथवर ठीक होतं. पण पुढे म्हणालात, "हिला बघ, हिला सांगावं लागत नाही." मी उठून बाहेर गेले आणि परत त्या टेबलाशी कधी बसले नाही. तुम्ही बोलावलंही नाहीत. ती पुढच्या शिक्षणाला निघाली तेव्हा तुम्ही तिला तुमचं भिंग दिलंत, काळ्या दोरीचं, गळ्यातलं. मला लग्नात मिक्सर दिलात. चांगला होता मिक्सर, पण मी त्या भिंगासाठी जळले, बाबा, अजून जळते.

मेलसोबत तिनं वर्णनाचा मसुदा आणि वाळवलेल्या नमुन्याचा फोटो जोडलाय. शनिवारी सकाळी चहा घेऊन बसले ती चूक काढायलाच. हे झुडूप आधीच दुसऱ्या कुणी नोंदवलेलं निघावं, म्हणजे तिनं दिलेलं नाव आपोआप बाद होईल, अशी माझी मनापासून इच्छा होती. जवळच्या जातींची जुनी वर्णनं शोधून ताडून पाहिली. गुलाबी गोंडे जुळतात, पण खोडावरचे काटे जुळत नाहीत. काटे जुळले, तर शेंगेवरची लव जुळत नाही. शेंग पिकली की तिचे तुकडे गळून पडतात आणि कडेची चौकट तेवढी फांदीवर राहते, हेही तिनं नीट टिपलंय. एक चूक सापडली नाही. फोटोत एक पान उलटं ठेवलेलं होतं. चहाचं पार पाणी झालं होतं, आणि दुपार होईपर्यंत मी अशी नादात बसले होते, जसं मी त्या स्वयंपाकघरात बसायला हवं होतं.

तुमच्या वनस्पतिशास्त्रात एक नियम आहे, ज्याला जे नाव आधी लागलं तेच खरं, मागाहून आलेलं बाद. मग बाबा, तुमचं नाव आधी मला लागलं होतं. लग्नाच्या दिवशी मी ते सोडलं, रीत म्हणून. मी विचारही केला नाही. आता ते दूर कुठल्या डोंगरातल्या काटेरी झुडपाला मिळतंय, आणि माझ्या एमिरेट्स आयडीवर सासरचं आहे.

आज मी तिला होकार कळवला. मोजून दोन ओळी लिहिल्या, गोड लिहिल्या. खाली सही केली ती माहेरच्या आडनावानं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.