एक्के वेगळे मोजावेत

बेलव्ह्यू, ९ नोव्हेंबर २००३

चि. विक्रम यास श्रीराममामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आधी सांगतो, सल्ला कोणाला विचारलास ते. गॅरेजमधलं अर्धगोल टेबल मी जुन्या दाराचं केलं, वर हिरवं बनातीचं कापड स्वतः ताणून बसवलं. सहा कॅट मावतील अशी पत्ते वाटायची पेटी मेपलची. आतला उतार तीनदा तासला, तेव्हा कुठे पत्ता एकेक सुटू लागला. सरावाचा प्रोग्राम माझा, आणि प्रोग्रामिंग मी नागपूरला टीव्ही दुरुस्त करता करता उसन्या पुस्तकांतून शिकलो, कॉलेजात नाही. आणि मोजणीची पद्धत. ती दोन वर्षं खपून बांधली. आता कोणीतरी ती शिकावी एवढीच इच्छा आहे. तुझ्या मामीला म्हटलं, तर तिने भाजी चिरायला घेतली.

तू विचारतोस, कॅसिनोतल्या ब्लॅकजॅकसाठी सोपी पद्धत धरावी की अवघड. सोपीत दुर्रीपासून छक्कीपर्यंतचं पान गेलं की एक मिळवायचा. दश्शी, चित्र किंवा एक्का गेला की एक वजा. मधली पानं सोडून द्यायची. बेरीज चढली म्हणजे पेटीत मोठी पानं उरली, मग पैसे वाढवायचे. कोणालाही जमेल. माझ्यात दुर्रीला एक तर पंजीला दोन, दश्शीला वजा दोन, आणि एक्के वेगळे मोजावे लागतात. ते मी बुटातल्या बोटांवर मोजतो. कोष्टक सोबत आहे. कष्ट पडतील, पण नेमकी आहे. हीच घे.

आता माझी शंका. मोजलेला आकडा दुसऱ्याला एका शब्दात कसा कळवावा, भाज्यांची नावं चालतील का, हे तू का विचारतोस? एकटा खेळणारा माणूस भेंडी कोणाला सांगणार? आणि माझा ब्लेझर, पुष्कराजाची अंगठी अजून आहे का, ही चौकशी संख्याशास्त्राच्या पीएच.डी.त कुठे बसते? ई-मेल करू नकोस, ऑफिसात कोण वाचतं सांगता येत नाही. कागदावर लिही आणि खरं लिही.

माया आहे तेवढीच आहे, फक्त उत्तर येईपर्यंत एक डोळा उघडा ठेवून.

तुझा,
श्रीराममामा

स्टेट कॉलेज, २१ नोव्हेंबर २००३

ती. मामांस विक्रमचा सा. न. वि. वि.

मामा, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं. आई सांगते, तुम्ही लहानपणी दूधवाल्याचं माप उलटं करून बघायचात. आता पटलं.

तुमचं कोष्टक मी आणि माझा रूममेट गुरुनाथ, दोघांनी कॉम्प्युटरवर लाखो डाव खेळवून टेस्ट केलं. खरंच सुंदर आहे. सोपीपेक्षा फायदा जास्त निघतो, पण अगदी थोडा. गुरुनाथ म्हणतो, गोंगाटात तासाला एक चूक झाली तरी तो जातो. म्हणून आम्ही सोपी फायनल केली. रागावू नका. तुमचं कोष्टक मी टेबलासमोर भिंतीवर लावलंय.

ब्लेझरचं सहज विचारलं होतं. ख्रिसमसच्या सुट्टीत आम्ही अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत ड्राइव्ह करून जाणार आहोत. तुम्ही याल? तिकीट आम्ही बुक करू. भाज्या ही गुरुनाथची गंमत. तरी एक सांगा, गर्दीत कारलं जास्त स्पष्ट ऐकू येतं की पडवळ? आणि मामींना म्हणावं, तुम्हाला डाएटवर ठेवू नका, निदान जानेवारीपर्यंत.

इथे बसस्टॉपवर कान गळून पडतात. जवळ इंडियन दुकान नाही, मेतकुटाचा डबा तळाला लागलाय. मामींच्या लक्षात आणून द्यावं.

संशयातून वेळ उरला तर आठवण ठेवावी.

आपला,
विक्रम

बेलव्ह्यू, ७ डिसेंबर २००३

चि. विक्रम यास आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्राच्या पाठोपाठ गुरुनाथचा फोन आला. तू जे कागदावर टाळलंस ते त्या मुलाने सरळ सांगितलं. तुम्ही दोघं दोन टेबलांवर थोडे थोडे पैसे लावून मोजत बसणार. एखाद्या पेटीत मोठी पानं साठली की मोबाइलवर घरी बोलल्यासारखं करून मराठीत म्हणणार, कारलं आणायचं राहिलं. मग ब्लेझरवाला गृहस्थ येऊन मोठी रक्कम लावणार. वरच्या कॅमेऱ्यांनी त्याला कितीही पाहिलं तरी काही सापडणार नाही, कारण तो मोजतच नसतो. वाळक्या विद्यार्थ्याने एकदम पैसे वाढवले तर त्याला दार दाखवतात. चार मोटेलांचा मालक शोभेल अशा पोटवाल्या काकांवर कोणी संशय घेत नाही. पैसे घालणारा गुरुनाथच्या ओळखीचा आहे.

मी विचारलं, यात माझं काय वापरणार. तो अत्यंत आदराने म्हणाला, तुमची पर्सनॅलिटी.

मी म्हटलं, ठीक आहे, बसतो. पण एक्के माझे मी मोजीन, बुटात, कोणाला दिसणार नाहीत. तर नको म्हणाला. मोजताना माझे ओठ हलतात म्हणे. हे त्याला तूच सांगितलं असणार. उन्हाळ्यात महिनाभर गॅरेजमध्ये माझ्यासमोर तूच बसला होतास. मी मामीला विचारलं. ती म्हणाली, हलतात.

डोक्यात मोजणं गुन्हा नाही, हे मलाही ठाऊक आहे. तू मोठा आहेस, तुझं तू ठरव. पण टेस्ट केलीत ती माझी मोजणी, आणि बोलावलंत माझ्या पोटाला. हे मला दोन्ही पत्रं समोर ठेवून वाचल्यावर कळलं.

सुट्टीत इकडे यायचं असेल तर एकटा ये. टेबल झाकून ठेवलं आहे, पेटीला नवीन पॉलिश केलंय. एक्के कसे धरायचे ते तुला दोन दिवसांत शिकवीन, ओठ न हलवता. आरशासमोर सराव चालू आहे. मेतकूट वेगळ्या पार्सलने येतंय, मामीने डबा दोनदा दाबून भरलाय.

जीव लावायचा तर या कोष्टकासकट लाव.

तुझा,
श्रीराममामा

ता. क. गुरुनाथ तुला आकडा कमी करून सांगेल, म्हणून मीच लिहितो. चार रात्री हॉटेलात राहायचं, भाजीचं नाव कानावर आलं की दुसऱ्याचे पैसे लावायचे आणि स्वतः एकही पान मोजायचं नाही. या कामाला मी नाही म्हणालो. देत होता बारा हजार डॉलर.