हळदीच्या वखारीची भिंत

१० फेब्रुवारी १९४६, रविवार. सांगली
मिळाली! जवाहरशेठच्या हळदीच्या वखारीची रस्त्याकडची अख्खी भिंत माझ्या पोरींना मिळाली! वर शेठनी पाटीभर हळदही दिली रंगाला.

शाळेत हेडबाई म्हणतात, ड्रॉइंग वहीत शिकवायचं असतं. पण मी साताऱ्याची, ऐकणार थोडीच! वही कपाटात जाते. भिंत येणारेजाणारे बघतात, आया बघतात, बाप बघतात. सांगलीत हे कुणी केलंय का याआधी?

१२ फेब्रुवारी
भिंतीला चुन्याचा हात देऊन घेतला. कशी लख्ख दिसते!

१३ फेब्रुवारी
फजिती! पोरींनी डिंकाच्या पाण्यात हळद कालवून बैल काढले, सूर्य काढला — आणि पिवळं लावावं तसं लाल होत गेलं. चारुलता रडायलाच लागली, "बाई, माझा बैल भाजला!"

घाटावर निघालेल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. शेठच्या पत्नी त्रिशलाबाई वखारीच्या दारातून म्हणाल्या, "आवं बाई, वल्या चुन्यावर हळद? कुंकू कशाचं करत्यात म्हाईत न्हाई व्हय?"

हळदीला चुना लागला की कुंकू होतं, माहीत होतं की! पण चित्रकलेच्या परीक्षेत पहिली आलेली ना मी, तेव्हा आठवेल कसं?

१५ फेब्रुवारी
चुन्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर दिला. आता पिवळं पिवळंच राहतं.

१७ फेब्रुवारी, रविवार
आज आया आल्या. मी बोलावलं नव्हतं!

बनुबाई लेकीला जेवायला न्यायला आली होती. बैलाकडं बघून म्हणाली, "असली शिंगं असत्यात व्हय गं? आण हिकडं." पदर खोचला आणि बसली. तिच्यामागून रंगुबाई, मग अख्खी आळी. एरवी यांचा रांगोळीचा हात उंबऱ्यापाशी थांबतो, आज भर रस्त्यात चालला. शेवटी खुद्द त्रिशलाबाई आल्या. त्यांनी हळदीच्या गाडीवर एक बाई काढली — आणि कासरा तिच्या हातात दिला!

बाप कडेवर पोरं घेऊन उभे. "ह्यो आमच्या पोरीचा बैल!" असं अनोळखी माणसाला थांबवून सांगत होते. इतका अभिमान वाटला की घरी आल्यावर माझी भाकरी करपली. करपू दे!

२० फेब्रुवारी
पेठेत शेठची चेष्टा चाललीय म्हणे. "शेठ, आता गाडी वैनी हाकणार जणू!"

२२ फेब्रुवारी
भिंत पुसणार! शेठनी बोलावून सांगितलं, "पोरांचा खेळ झाला, आता पुरे. रविवारी डांबर फासतो." मी भांडले. पोरींचं मन मोडेल, त्यांच्या आयांचं मोडेल, असं मी परोपरीनं सांगितलं. ते बधले नाहीत.

आणि त्रिशलाबाई! कोपऱ्यात उभ्या होत्या. मान खाली घालून नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, डांबर कशाला, लय घाण दिसंल. चुनाच मारा की." शेठ म्हणाले, "बरं, चुना."

म्हणजे ही बाईसुद्धा फिरली! पुसायला मदत! मी तरातरा निघून आले.

२३ फेब्रुवारी
पोरींना सांगावंच लागलं. चारुलतानं विचारलं, "बाई, आपण वाईट काढलं होतं का?" मी ओरडलेच — मुळीच नाही! सांगलीतली सगळ्यात चांगली भिंत होती ती! त्रिशलाबाईंचं तोंड पुन्हा बघणार नाही.

२४ फेब्रुवारी, रविवार
शेठनी समोर उभं राहून चुन्याचे दोन हात मारून घेतले. आणि भिंत लाल झाली! बैल, सूर्य, गाड्या — सगळं चुन्यातून कुंकवासारखं वर आलं! जन्मभर हळद विकलेला माणूस बघतच राहिला. बनुबाई ओरडली, "शेठ, आनी एक हात मारा, रंग भरंल!" सगळा रस्ता हसला. शेवटी शेठही हसले आणि गड्याला म्हणाले, "उचल बादली. ऱ्हाऊ दे."

त्रिशलाबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "डांबरातनं वर आलं असतं व्हय, बाई?"

मी भर रस्त्यात त्यांचे हात धरले.