करदोड्याची किल्ली आणि कॉन्स्टँटिनोपलची अंगठी

रवि. ४ जाने., नांदेड
या डायरीच्या निर्मात्यांविरुद्ध तक्रार नोंदवणे क्रमप्राप्त आहे. सोम ते शनि प्रत्येकी अख्खं पान, रविवारला अर्धं, आणि त्याच्याही खाली युरियाची जाहिरात. अर्धापूरच्या खतवाल्याने फुकट दिली, म्हणून बोलू नये. पण माझ्या आयुष्यात जे काही घडतं ते रविवारीच. आठवडाभर शाळेत धातुरूपं घोकून घेतो, उरल्या वेळात पेपरला बातम्या पाठवतो, रविवारी माझं सदर येतं. अर्ध्या पानात मावेल एवढा क्षुद्र मी अजून झालेलो नाही.

आज पहिला भाग आला. कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहांची भाऊबंदकी. संपादकांची अट होती, असं लिहा की कुणाचा फोन येऊ नये. नऊशे वर्षांपूर्वीची, परमुलखातली, झाडून सगळी मेलेली माणसं. तिकडे गादीच्या दावेदाराचे डोळे काढायचा रिवाज होता. आपल्याकडे नुसते वटारतात.

दादाला झटका येऊन पंधरा दिवस. उजवा हात पडलेला, वाचा नाही. मंगळवारी लातूरला जायचं.

मंगळ. ६ जाने.
रजा टाकून सकाळची एसटी. दादा घरी आलाय. मला ओळखलं, हसला. ते हसूच आता घरातला वादविषय.

दादाची दाळमिल बंद. नवी तूर पोत्यांत पडून. सहा वर्षं मिल चालवते ज्योती, दादाची थोरली. तिचं सासर दोन गल्ल्या पलीकडे. संदीप, धाकटा, हैदराबादची नोकरी सोडून दिवाळीत परत आला. किल्ली एकच, दादाच्या करदोड्याला बांधलेली असायची. दुसरी त्याने कधी करूच दिली नाही. आता ती संदीपच्या खिशात. ज्योती म्हणते, मी मागून घ्यायची न्हाई. संदीप म्हणतो, तिच्याशिवाय मशीन चालवता येत न्हाई आन् तिला बोलवायलाबी जीभ रेटत न्हाई. दोघंही मला वेगवेगळं सांगतात. मी दोघांनाही ‘बघू’ म्हणतो.

वहिनी ज्योतीच्या बाजूने. त्यांनी दादाला विचारलं, पोरीलाच द्यायची ना किल्ली? दादा हसला. मग संदीपने विचारलं, मी सांभाळू ना, बाबा? दादा हसला.

मरणाच्या दारात कॉन्स्टँटिनोपलच्या अलेक्सिओस बादशहाला राणीने गादीबद्दल असंच टोचून विचारलं होतं. त्यानेही वर पाहून नुसतं स्मित केलं.

संक्रांतीला नव्या तुरीची पहिली पाटी मशिनीत मालकाने ओतायची, ही आमची वडिलांपासूनची रीत. अजून आठ दिवस.

रवि. ११ जाने.
दुसरा भाग आला. अलेक्सिओसची मुलगी आन्ना थोरली, शिकलेली, बापाची औषधं पाहणारी. गादी आपल्या घरात येणार असं धरून बसलेली. राणी तिच्या बाजूने. मुलगा योहान बापाला मिठी मारायच्या निमित्ताने वाकला, बोटातली राजमुद्रेची अंगठी काढली आणि थेट राजवाड्यावर गेला. प्रसंग रंगला होता, मीच म्हणतो.

दुपारी वहिनींचा फोन.
“भावजी, मला रानी केलीत. पन अख्ख्या गल्लीत बदनाम करून.”
मी म्हटलं, हे नऊशे वर्षांपूर्वीचं.
“गल्लीला नऊशे कळत न्हाईत. संदीप जेवला न्हाई सकाळपासून.”

ज्योतीने मोबाइलवर नुसता अंगठा पाठवला. तो पाहून जास्तच वाईट वाटलं.

गुरुवारी मजकूर पाठवताना ती किल्ली डोळ्यांपुढे नव्हती, असं लिहिलं तर या वहीशी खोटं बोलल्यासारखं होईल.

सोम. १२ जाने.
संस्कृतात पुतण्याला ‘भ्रातृव्य’ म्हणतात, आणि शत्रूलाही. आज तो शब्द शिकवायचा होता. टाळला.

मधल्या सुट्टीत संदीपचा फोन. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.
“काका, इचारलं असतंत मला. स्कॅनला नेत होते बाबाला. नर्स म्हनली, अंगावर लोखंड चालत न्हाई. करदोडा मीच कापला. बाबा बघत होते माझ्याकडं.”
मग:
“तवापास्नं खिशात हाय. कुनाला द्यायची ते कुनी सांगितलंच न्हाई.”

जुन्या बखरकारांनी दोन हकिकती लिहून ठेवल्यात. एक, अंगठी मुलाने काढून घेतली. दुसरी, बापानेच काढू दिली. माझ्या वहीत दोन्ही होत्या. छापली पहिली, कारण ती चटकदार.

बुध. १४ जाने., संक्रांत. लातूर
सकाळी आठला मिलवर. शटर संदीपने उघडलं. हमाल, पोती, तुरीची पाटी भरून तयार. ज्योती नाही.

हमीदभाई फिटर उभे. दादाचे लहानपणापासूनचे सोबती. मिलचा प्रत्येक नट त्यांच्या हाताखालून गेलेला. संदीपने पाटी त्यांच्यापुढे धरली. म्हणाला, चाचा, तुम्हीच ओता, कुनाचा वाद नको. हमीदभाईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.
“ये मेरा काम नै, मियाँ. बडी कू बुलाव.”

मला पुढच्या भागासाठी टिपून ठेवलेलं आठवलं. योहानविरुद्ध आन्नाने कट केला, तो फसला. त्याने तिची दौलत जप्त केली आणि आपल्या बालपणच्या तुर्क मित्राला देऊ केली. मित्र म्हणाला, मला नको, बहिणीला परत द्या. योहानने दिली. हा भाग अजून छापलेला नाही, आणि हमीदभाई पेपर फक्त मशीन पुसायला घेतात.

संदीपने फोन काढला, परत ठेवला. चालतच गेला, तिळगुळाचा डबा घेऊन. काय बोलला ठाऊक नाही, कधी विचारणारही नाही. अर्ध्या तासाने परत आला. ज्योती पुढे, तो मागे, डबा तिच्या हातात.

तिने पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. मशिनीशी वाकली.
“थांब. पट्टा सैल हाय.”
दहा मिनिटं ती आणि हमीदभाई. मग मान वर न करता:
“हं. ओत आता.”
“तू ओत की, ताई.”
“ओत म्हनलं ना. माझे हात ग्रीसचे झालेत.”

ओतली. मशीन सुरू झाली. पुढे कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना, ते उत्तमच.

रवि. १८ जाने.
तिसरा भाग. दुसरी हकीकत छापली. पहिलीच तेवढी दिल्याची चूकही कबूल केली. मग बहिणीला भावाची क्षमा. संपादक म्हणाले, सर, या वेळी मारामारी कमी पडली.

वहिनींचा फोन. किल्ली आता मिलशेजारी हमीदभाईंच्या दारात खिळ्याला असते. जो आधी येईल तो काढतो. ज्योती साडेसातला यायला लागली, म्हणून संदीप सातला येतो. ही नवी भाऊबंदकी मला मान्य आहे.

रवि. २५ जाने., लातूर
डॉक्टरांनी सांगितलंय, दादाकडून स्वर म्हणवून घ्या. तीस वर्षांच्या संस्कृताचा अखेर उपयोग. मी ‘आ’ म्हणतो, दादा ‘आ’ म्हणतो. पहिलीतल्या पोरापेक्षा शहाणा, बाकावरून उठून पळत नाही. आज ‘पानी’ म्हणाला. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. पाणी मीच दिलं.

नव्या तुरीचं पहिलं वरण आज झालं. दादाला चमच्याने ज्योतीने भरवलं, तोंड संदीपने पुसलं.

रवि. १ फेब्रु., लातूर
आज दादा स्पष्ट म्हणाला, “किल्ली.”

दोघंही खोलीतच होती. ज्योतीच्या हातातली वाटी तशीच राहिली. दादाने दोघांकडे पाहिलं, पुढचा शब्द जुळवत राहिला. ओठ हलले, दोनदा. मग दमला, डोळे मिटले. संदीप म्हणाला, झोपू द्या. ज्योती म्हणाली, हाव, काय घाई न्हाई. दोघंही एकाच गाडीवर मिलला गेली.

पान संपलं, युरियाच्या जाहिरातीवर लिहितोय. दादाची वाचा परत यावी म्हणून महिनाभर देवापुढे बसतोय. आणि आज पहिल्यांदा भीती वाटतेय. तो बोलेल. आणि एकच नाव घेईल.