दोन टर्नटेबल आणि तिसरा प्रश्न

शुक्रवार, १० ऑक्टोबर

चि. भुणभुण हिस,

आत्याचा आशीर्वाद आणि पाठीत एक हलका धपाटा. धपाटा अशासाठी की चार महिन्यांनी पत्र लिहिलंस आणि त्यातही निम्मं पान प्रश्नांनी भरलंस. फोनवर विचारलं तर आत्या विषय बदलते, म्हणून पत्र, असं तू वर लिहिलंयस. खरं आहे, बदलते.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, मी लक्ष देत नाही. दुरुस्तीच्या दुकानात पंखे संपून आता हिटर यायला लागलेत. मालक परवा म्हणाले, "बाई, तुम्ही दुरुस्त केलेला हिटर परत येतच नाही. असं केलंत तर आपण खायचं काय?" तुझ्या आईची पाठ कशी आहे? तिला म्हणावं, वजन उचलायला आता घरात एक धट्टीकट्टी मुलगी आहे.

तर तुझे प्रश्न. तीन आहेत. पहिला सोपा आहे, त्यापासून सुरू करते.

टर्नटेबल घ्यायचे की सगळं एका डब्यात असलेला कंट्रोलर? तुझ्या कॉलेजातला तो शहाणा म्हणतो ते चूक नाही. कंट्रोलर लॅपटॉपला जोडला की काम सुरू, जागाही कमी लागते. गाणी जुळवायला शिकायचंय एवढंच असेल तर तो घे, कोणी हसणार नाही. पण तू लिहिलंयस की तुला तबकडी हाताखाली फिरताना हवीय. मग जोडीच घे, जुनी चालेल. दोन्ही एकाच मॉडेलची हवीत. एक हात एका यंत्राला सरावला आणि दुसरं यंत्र वेगळं वागलं, की माणूस निम्मा वेळ यंत्राची समजूत काढण्यात घालवतो.

पट्ट्यावर फिरणारं यंत्र घेऊ नकोस. ते घरी बसून गाणी ऐकायला उत्तम, पण तबकडी हाताने अडवून सोडली की वेग पकडायला वेळ लावतं. आपल्याला मोटर थेट तबकडीखाली असलेलं हवं. सोडलं की त्याच क्षणी चालू लागलं पाहिजे.

स्टँडमागच्या जुन्या मालाच्या दुकानात जा. तिथला दुकानदार, ज्याला तुझे बाबा आणि मी 'हमीदार' म्हणायचो, अजून आहे. प्रत्येक वस्तूची हमी तोंडाने देतो, कागदावर कधी देत नाही. यंत्र चालू करायला लाव. वेगाची पट्टी मधोमध ठेव आणि काठावरचे ठिपके बघ. शेजारच्या छोट्या दिव्याच्या उजेडात ते जागच्या जागी उभे दिसले पाहिजेत. सरकताना दिसले तर वेग बिघडलेला आहे. हमीदार म्हणेल, "ताई, गाणं वाजतंय ना? मग ठिपके कशाला मोजताय?" आपण तरी बघायचे. मग सुईचा दांडा दोन बोटांत हलकेच हलवून पाहा. मुळाशी खुळखुळत असेल तर नमस्कार करून बाहेर पड. सुई मात्र नवीनच घ्यायची. दुसऱ्याची झिजलेली सुई तुझ्या तबकड्या खरवडून काढील.

दोन्ही यंत्रांचा आवाज मिसळणारा मिक्सर दोन चॅनेलचा पुरे. प्रत्येक चॅनेलला खर्ज, मधला आणि वरचा आवाज यांची वेगवेगळी बटणं हवीत, दिवे कितीही कमी असोत. जास्त दिवे असलेला मिक्सर हमीदार आधी दाखवतो. हेडफोन कान पूर्ण झाकणारा, पण एक बाजू मागे फिरवता येईल असा घे. यंत्रामागची बारीक मोकळी तार मिक्सरला जोडायला विसरू नकोस, नाहीतर रात्रंदिवस गुणगुण ऐकू येईल आणि तुझी आई म्हणेल, घरात एक भुणभुण कमी होती का. टेबल कोपराच्या उंचीचं आणि जड हवं. हललं की सुई उडते.

स्पीकर छोटेच घे. मोठ्यांचा मोह होईल. होऊ दे.

दुसरा प्रश्न. माझी जोडी कुठे आहे, आणि ती तुला का देत नाही? विकली गं. नव्या खोलीत जागा नव्हती.

तिसऱ्याचं उद्या लिहिते. दुकान उघडायची वेळ झाली.

शनिवार

आज सकाळीच हे पत्र पुन्हा उघडलंय. वाचून पाहिलं. यंत्रांचं सगळं बरोबर आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खोटं आहे. जागा होती, अजूनही आहे. दादा गेल्यावर पंधराव्या दिवशी मी ती जोडी हमीदाराच्या दुकानात नेऊन ठेवली आणि त्याने सांगितला तो भाव घेऊन घरी आले. तो बिचारा म्हणालासुद्धा, "ताई, थोडं थांबा, महिन्याने विचार करा." मला त्या यंत्रांकडे बघवत नव्हतं, त्यातही मिक्सरवरच्या आवाजाच्या बटणाकडे.

तुझा तिसरा प्रश्न पुन्हा इथे उतरवते, म्हणजे मला तो चुकवता येणार नाही. "बाबा गेले तेव्हा तू कुठलं गाणं वाजवत होतीस? माझ्या पहिल्या कार्यक्रमात शेवटी मला तेच वाजवायचंय. ते गाण्यात असतानाच गेले, त्यांना काही कळलंही नाही, असं तू सांगितलंस ना, तेव्हापासून मला त्याचाच आधार आहे."

भुणभुणे, आम्ही दोघं कसं काम करायचो ते तू लहान असताना पाहिलंयस. जो यंत्रामागे उभा असतो त्याला हॉल ऐकू येत नाही. स्पीकरांची तोंडं लोकांकडे असतात, आपल्याला नुसता धपधप आवाज येतो. म्हणून मी वाजवायचे आणि दादा लोकांत फिरून ऐकायचा. गर्दीतून हाताने खुणा करायचा. मूठ दाखवली की खर्ज कमी कर. बोट गोल फिरवलं की गाणं बदल. तळवा खाली दाबला की आवाज उतरव. हात वर, पंजा उघडा, म्हणजे वाढव. बावीस वर्षांत आमचं या खुणांवरून एकदाही भांडण झालं नाही. बाकी सगळ्यावरून झालं.

त्या दिवशी पॅकिंगच्या कारखान्याचं वार्षिक संमेलन होतं. दुपारचे चार वाजून गेले असतील. जेवणं झाली होती, बायकामुलं नाचत होती. दादा मागच्या भिंतीपाशी, उजव्या स्पीकरजवळ होता. त्याने हात वर केला, पंजा उघडा. मी आवाज वाढवला.

थोड्या वेळाने त्याने पुन्हा हात वर केला, आधीपेक्षा उंच. मला वाटलं, आज गडी रंगात आलाय. मी हसले आणि आणखी वाढवला.

मग तो दिसला नाही. मला वाटलं, पाणी प्यायला गेला असेल. मी खाली वाकून पुढची तबकडी शोधत होते. तेवढ्यात कारखान्याचा स्टोअरकीपर टेबलापाशी आला आणि माझ्या कानाशी ओरडून काही बोलला. नीट ऐकू आलं नाही. कार्यक्रमात टेबलापाशी येणारा माणूस फर्माईशच घेऊन येतो. मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "थांबा हो, एवढं एक होऊ द्या." तो थांबला. बिचारा सभ्य माणूस होता. पुन्हा बोलला तेव्हा त्याने माझा दंड धरला, आणि मग मी वर पाहिलं.

नंतर त्यानेच मला सांगितलं, "ते भिंतीला टेकून काहीतरी म्हणत होते, बाई. आम्ही जवळच होतो, पण आवाजात काही ऐकूच आलं नाही. आम्हाला वाटलं, तुम्हाला खुणा करतायत." लोकांना माहीत होतं ना, हा खुणा करतो. म्हणून कोणी त्याच्याकडे गेलं नाही.

मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी आधी उत्तर द्यायचं टाळलं. मी हटून बसले तेव्हा म्हणाले, लवकर आणलं असतं तर कदाचित. किती लवकर, ते मी विचारलं नाही. मी फक्त घरी येऊन त्याचा हात वर गेल्यापासूनची आकडेमोड केली. एक पूर्ण गाणं आणि दुसऱ्याचा निम्म्याहून जास्त भाग.

त्या दिवशी तुमच्या घरी पोचले तेव्हा तुझी आई दारात उभी होती. तिने विचारलं, "त्यांना त्रास झाला का?" मी म्हटलं, नाही वहिनी, क्षणात गेला, गाण्यात होता. ते मी तिच्यासाठी म्हटलं असं दोन वर्षं स्वतःला सांगत आलेय. तिच्यासाठी थोडं होतं. जास्त माझ्यासाठीच होतं. तू मागे उभी होतीस आणि माझ्या कुशीत येऊन रडलीस. मी हात वर करून तुला थोपटलं, आणि त्यानंतर तुला खरं सांगायची वेळ मी दर महिन्याला एकेक करून घालवली.

मी काही मुद्दाम केलं नाही, हे मला कळतं. कोणी मला आरोपी केलेलं नाही. पण दादाने मला हाक मारली होती आणि मी ती आमच्या कामाच्या पद्धतीने वाचली. दुसऱ्या कोणाच्याही बहिणीने भावाचा हात असा वर गेलेला पाहिला असता, तर ती धावत गेली असती.

म्हणून तू ते गाणं वाजवू नयेस असं मी म्हणत नाही. तुझे बाबा, तुझा कार्यक्रम. पण ते कुठल्या समजुतीने वाजवतेस ते तुझं तुला माहीत असायला हवं. ते काही मोठं गाणं नव्हतं. पॅकिंगच्या पोरींनी दोनदा मागितलेलं, उड्या मारायचं गाणं. दादाला ते मुळीच आवडायचं नाही, तो त्याला 'डबे आपटणं' म्हणायचा. नाव वेगळ्या कागदावर लिहून आत घातलंय. घडी उघडायची की नाही ते बघ.

यंत्रांचं सगळं आधी सविस्तर लिहिलं, ते अशासाठी की पुढचं वाचून झाल्यावर तुला काही विचारायला माझ्याकडे यावं लागू नये. हमीदाराला मी निरोप दिलाय. तो तुला फसवणार नाही, आणि ठिपकेही दाखवील.

हे पत्र आईला वाचायला देऊ नकोस. तिला हे कागदावरून कळू नये. पुढच्या रविवारी, १९ तारखेला, सकाळी दहा वाजता मी तुमच्या घरी येतेय. तिच्यासमोर बसून मला तोंडाने सांगायचंय. ती काय म्हणेल ते ऐकून घेईन. घराबाहेर काढलं तरी माझी तक्रार नाही.

त्या रविवारी आपण दोघींनी हमीदाराच्या दुकानात जायचं, असं तू ठरवलं होतंस. दुकान दहालाच उघडतं. दहा वाजता तू तिथे असावंस की घरी, ते मी विचारणार नाही. दार तू उघडलंस काय, आईने उघडलं काय, मला आत यायचंच आहे.

तू म्हणू देशील तोवर तुझी,
आत्या