मधमाश्यांना आधीच सांगून बसले

पोद्लिपा,
२७ मे १९७८, शनिवार

प्रिय नेझा,

अनेक आशीर्वाद. तुला, गेरहार्डला आणि धाकटीला देव सुखात ठेवो.

तुझं ईस्टरचं पत्र पोचलं. युडिथचा फोटो माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात, संत आनाच्या चित्राशेजारी ठेवला आहे. रोज सकाळी दोघींचं दर्शन होतं. तिची हनुवटी कोणावर गेली आहे ते मी लिहीत नाही, तुझ्या घरी आरसा आहे.

इकडे ठीक. बटाटे लावून झाले. तांबडी कोंबडी खुडूक बसली आहे. परवा ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक निघाली आणि पाऊस आला नाही. फादर सिरिल म्हणाले, देवाची कृपा. पोलोना म्हणाली, "कृपा कसली? सकाळी फादरांचे गुडघे दुखत नव्हते, तेव्हाच मी छत्री घरी ठेवली." ती आहे तशीच आहे. कुंपणापलीकडून सगळ्या गावाचा कारभार बघते, आणि आपल्या घराचा जरा जास्तच.

साखर मात्र यंदा फार लागली. मुरंबे न घालता लागली. का लागली ते सांगते, पण हसायचं नाही. तुझी आई मधमाश्या पाळायला लागली आहे.

हो, मीच. तुझ्या बाबांचा डबा मधघराच्या दारापर्यंत न्यायचा, पायरीवर ठेवायचा आणि झगा सावरत पळत सुटायचं, एवढाच इतकी वर्षं माझा आणि माश्यांचा संबंध. आता बाबांची जाळीची टोपी मी घालते. ती कानावर येते म्हणून आत जुना मोजा शिवला आहे. पहिल्या दिवशी लोकरीची शाल घेऊन गेले. लोकर त्यांना खपत नाही हे मला कोण सांगणार? दोन्ही मनगटं सुजली. पोलोना कुंपणावरून ओरडली, "तेरेझिया, मिठाचा दाणान् दाणा मोजणारी बाई तू, आता माश्या मोजणार का?" मी म्हटलं, "मोजेन. तुझ्या जिभेपेक्षा कमीच वळवळतात."

आपल्या मधघरातल्या एका पेटीची ती पुढची रंगवलेली फळी तुला आठवते ना, सैतान बाईची जीभ सहाणेला लावून धार काढतो आहे ती? बाबा ती मला दाखवून हसायचे. आता तीच पेटी सगळ्यात जोरात आहे.

नेझा, मी कसं सांगू. मागच्या बाजूने पेटीचं दार उघडायचं आणि कपाटातून पुस्तक काढावं तशी एक चौकट हळूच ओढून घ्यायची. पहिल्यांदा ओढली तेव्हा माझे ओठ आपोआप प्रार्थना पुटपुटू लागले. उजेडात धरली, तर मेणाच्या एका झाकणाला आतून भोक पडत होतं. भोकातून दोन मिशा आल्या, मग डोकं, मग ओली, राखाडी, केसाळ पोर बाहेर आली, आणि आल्या आल्या ज्या खोलीतून जन्मली ती चाटून साफ करायला लागली. कोणी सांगितलं नाही, कोणी शिकवलं नाही. बाकीच्या माझ्या बोटांवरून चालत गेल्या, जणू मी खिडकीची चौकट आहे. इतक्या जणी एकमेकींवरून जातात आणि कोणी कोणाला ढकलत नाही. आमच्या सहकारी दुकानात तेलाचा दिवस असतो तेव्हा बघावं. आयुष्यभर रविवारी देवळात गुडघे टेकले, पण असं गप्प व्हायला झालं नव्हतं. ही सगळी शाळा माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर चालू होती आणि मी पायरीवर डबा ठेवून पळत होते.

तू विचारशील, बाबांनी हात कसा लावू दिला? "बाईमाणसाच्या हाताला माश्या टिकत नाहीत," असं म्हणणारा माणूस. बाबा काही म्हणाले नाहीत.

ते काही म्हणू शकत नाहीत.

इथवर लिहून मी उठून चुलीतली राख काढून आले. आता लिहिते. मेणबत्त्यांच्या सणाच्या आदल्या दिवशी बाबा सणासाठी मेण ओतत होते. त्यांच्या हातातून भांडं पडलं आणि ते तसेच जमिनीवर बसले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. इस्पितळात नेलं. फादर सिरिल मरणाआधीचं पवित्र तेल लावून आले. पोलोनाच्या घरी फोन आला, डॉक्टर म्हणतात तयारीत राहा, रात्र निघणार नाही. पोलोना धावत आली आणि मला छातीशी धरून रडली, आणि रडता रडताच म्हणाली, "अगं, माश्यांना सांगितलंस का? दिवस मावळायच्या आत सांग. मालक गेल्याचं ज्यांना सांगत नाहीत त्या वसंत बघत नाहीत. माझ्या सासऱ्यांच्या वेळी कोणी सांगितलं नाही, एकही पेटी वाचली नाही."

हे काम मुलाचं, नाहीतर मुलीचं. मुलगा देवाने दिला नाही. मुलगी कुठे परमुलखात आहे ते तुला ठाऊकच आहे. मी बर्फातून गेले. एकेका पेटीवर बोटाच्या पेराने ठोकलं आणि आपल्यात म्हणतात तसं म्हटलं, "बायांनो, तुमचा मालक यर्नेय गेला. आता मी तुमची मालकीण. माझ्याकडे राहा." प्रत्येक पेटीला कान लावला. आत झोपलेला आवाज वर आला, गर्दीने एकदम श्वास घ्यावा तसा, आणि पुन्हा खाली बसला. मी तिथेच बर्फात उभी राहिले. वाटलं, ऐकलं यांनी. खरंच ऐकलं.

आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी डोळे उघडले!

आता हस, हसायला हरकत नाही. मीही हसले, पण घरी येऊन. आधी घाबरले. जिवंत माणूस मेला असं मी सांगून बसले होते, आणि तेही कोणाला, तर ज्यांच्या मेणाची मेणबत्ती वेदीवर जळते त्यांना. पापनिवेदनाला गेले तेव्हा हेच सांगितलं. फादर सिरिल जाळीमागे खोकत होते. मला वाटतं हसू दाबत होते. म्हणाले, "तेरेझिया, हे पाप दहा आज्ञांत बसत नाही." मी म्हटलं, "फादर, पण परत कसं घेऊ?" "परत कशाला घेतेस? त्यांनी तुला ठेवून घेतलंय. आता मालकिणीसारखी वाग. वसंतात त्यांना खायला लागतं, साखर घे."

तशी ती साखर.

बाबांना मार्चमध्ये घरी आणलं. मी त्यांना नासपतीखालच्या बाकावर बसवते, पाठीला उशी देते, घोंगडी घालते. घास भरवते. ते मधघराकडे बघतसुद्धा नव्हते. कशाकडेच बघत नव्हते. भाताच्या खिरीकडेही नाही.

तुला मी हे कळवलं नाही. मार्चमधल्या पत्रात "बाबा बाहेर बसलेले असतात" एवढंच लिहिलं आणि पाकीट बंद केलं. तू रागावशील, तो तुझा हक्क आहे. पण माझंही ऐक. तू देवळात न जाता नोंदणी कार्यालयात लग्न केलंस तेव्हा बाबा जे बोलले ते मी दाराशी उभी राहून ऐकलं होतं: ही पुन्हा या उंबऱ्यावर दिसायला नको. तू आता आली असतीस तर ते "जा" म्हणू शकले नसते. तोंड वळवणंही त्यांना जमलं नसतं, मान वळतच नाही. ज्याची जीभ गेली त्याच्यासमोर तुला उभं करायचं आणि म्हणायचं, बघा, समेट झाला! हे मला पटेना. माझा जीव कितीही ओढला तरी पटेना. क्षमा करायची तर ज्याची त्याने करावी, असं मला वाटलं. म्हणून गप्प राहिले.

आता का लिहिते ते सांगते.

पेंटेकॉस्टच्या सणाला, दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी, सैतानाच्या फळीच्या पेटीतून पहिला थवा उठला. मी आणि पोलोना देवळात होतो. येऊन बघते तर लिंडनच्या झाडापलीकडे काळा ढग चाललेला. गेला तो गेला. मी पायरीवर बसून रडले. पोलोना म्हणाली, "रडू नकोस, जुनी राणी गेली म्हणजे आत नवी जन्मेल. जन्मली की गाते. रोज संध्याकाळी कान लाव." मला वाटलं, थट्टा करते आहे.

या सोमवारी संध्याकाळी कान लावला आणि ऐकलं. ट्यूऽऽ, ट्यू, ट्यू. लहान मुलाने बारक्या शिंगात फुंकावं तसं. अख्खी पेटी एकदम चिडीचूप. मग आतून, मेणाच्या बंद खोल्यांतून, अजून जन्मायच्या राण्या घोगऱ्या आवाजात उत्तर देऊ लागल्या: क्वा, क्वा, क्वा. जन्माआधीच आवाज. बायबलातल्या अलिशिबेच्या पोटातल्या बाळाने हाक ऐकून उडी मारली ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या संध्याकाळी ते मला कळलं.

मी बाबांना आणलं. कसं आणलं विचारू नकोस, गवताच्या हातगाडीत घोंगडी घालून. पोलोनाने पाय धरले. "यर्नेय, तरुणपणी तू मला गाडीतून फिरवलं असतंस तर आज ही वेळ आली नसती," असं ती त्यांना म्हणाली, माझ्यासमोर! त्यांचा चांगला कान पेटीला लावला. ट्यूऽऽ. त्यांच्या डोळ्यांत मी इतक्या महिन्यांनी कोणीतरी आत आल्याचं पाहिलं. ओठ पुढे आले. आवाज निघाला नाही, नुसती हवा. पण हवा त्या सुरात होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी ऊन पडलं आणि थवा उठला. पेटीच्या तोंडातून माश्या ओतल्याच. वरती इतका घुमारा, की देवळातला मोठा बाजा वाजायच्या आधी जमीन थरथरते ना, तसा. त्या सगळ्या आकाशात सैरावैरा, आणि मग काय इशारा झाला देव जाणे, नासपतीच्या फांदीला, थेट बाबांच्या डोक्यावर, घोस लागायला लागला. बाबांच्या खांद्यावर, टोपीवर, मेलेल्या हातावर माश्या. मी शिडी घेऊन धावले आणि अर्ध्यावर थिजले. एका हाताने फांदी हलवू की पोतं धरू? पोतं खालीच राहिलं होतं. पोलोना कुंपणापलीकडे छातीवर क्रॉसची खूण करत उभी.

आणि बाबा ओरडले. "नेझा! पोतं!"

जड, वाकडं, तोंडात बटाटा असावा तसं. पण नेझा. तू नऊ-दहा वर्षांची असल्यापासून थव्याखाली काठीला बांधलेलं पोतं तूच धरायचीस, आणि हलायची नाहीस. इतक्या चावल्या तरी हलायची नाहीस. बाबा चारचौघांत सांगायचे, "माझी पोर म्हणजे खांब."

मी उतरले, पोतं घेतलं, पुन्हा चढले, फांदी हलवली. ओल्या धान्यासारखा थवा धपकन आत पडला. जड, उबदार. शेजारच्या रिकाम्या पेटीत ओतला. राहिला आहे. कालपासून आत-बाहेर चालू आहे, पायांवर पिवळं घेऊन येतात.

बाबा नंतर पुन्हा गप्प आहेत. पोलोना शपथेवर सांगते की नावच घेतलं. मी तुला खोटं सांगणार नाही, नेझा. त्यांच्या मनात तू नऊ वर्षांची होतीस की आत्ताची, हे मला माहीत नाही. क्षमा केली की विसरले, हेही माहीत नाही. डॉक्टर म्हणतात दुसरा झटका येणार, कधी ते सांगता येत नाही. पण घाबरलेल्या घटकेला त्यांना जी हवी होती तिला त्यांनी स्वतःच्या तोंडाने बोलावलं. मी बोलवायला लावलं नाही. आता माझ्या तोंडावरचं कुलूप निघालं.

तर ये. लिंडन फुलायच्या आत ये. गेरहार्डलाही आण; बाबांना जर्मन येत नव्हतं आणि आता आपलंही येत नाही, म्हणजे दोघं सारखेच झाले. धाकटीला बाकावर त्यांच्या डाव्या बाजूला बसवू, तो हात चालतो. उंबऱ्याची काळजी करू नकोस. तिथे मी उभी असेन.

येणं होत नसेल तर तसं मोकळेपणाने लिही. मी त्यांना काही सांगणार नाही, आणि तुला दोष देणार नाही.

हाक त्यांनी मारली. मी ती पोचवते आहे, एवढंच.

तुझी आई,
तेरेझिया